नदीनंतर डावीकडे

कानाए सेकिमोतोच्या केस कापायच्या दुकानात खुर्ची एकच होती, आणि आरशाशेजारी एक टीव्ही. वडील होते तोवर त्यावर बेसबॉल चाले. ते गेल्यावर तिने एकदा सहज रेल्वेचा व्हिडिओ लावला. चालकाच्या समोरच्या काचेतून दिसतं तसं सगळं. ना कुणी बोलत, ना गाणं. नुसते रूळ समोरून येतात आणि पायाखाली जातात. गिऱ्हाइकांचे खांदे आपोआप सैल पडतात, हे तिच्या लक्षात आलं. खांदे सैल पडले की मान स्थिर राहते, आणि मान स्थिर राहिली की वस्तरा नीट चालतो. बेसबॉल गेला तो गेलाच.

एका गुरुवाराआड सकाळी उदागावा दाढीला येत. एकतीस वर्षं मालगाडी चालवलेला माणूस. तामा नदी ओलांडून, मग कावासाकीच्या टेकड्यांच्या पोटात शिरून, याच गावाच्या खालून दक्षिणेला जाणारा मालगाड्यांचा मार्ग त्यांना रात्री अंधारात अंथरुणातून उठून पाणी प्यायला जावं इतका पाठ होता. काचबिंदूने दृष्टी नेल्यापासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे. गरम टॉवेलखालून ते म्हणत, "कानाएचान, लाव आपली गाडी. आणि सांगत राहा."

आपली गाडी म्हणजे त्याच मार्गाचा व्हिडिओ. तो मिळायला कानाएला महिनाभर शोधावं लागलं होतं. त्या रुळांवरून एरवी माणसं जातच नाहीत. हवा चांगली असली की एखाद्या शनिवारी कामाकुराच्या सहलीची गाडी सोडतात, तेवढीच.

गाडी सुरू झाली की दुकानात गप्पांना ऊत येई. समोरच्या बाकावर टॅक्सीवाला नेझू आपला नंबर यायची वाट पाहत बसलेला असे.

"एवढा माल शहराखालून कशाला न्यायचा म्हणतो मी? ट्रक मेले का सगळे?"

"तुझी बिअर, तुझ्या बायकोचे कांदे, तू वाचून फेकतोस त्या पेपराचा कागद, सगळं तुझ्या टॅक्सीखालून जातं, नेझू," उदागावा टॉवेलातून म्हणत. "जरा हळू चालवत जा."

"कचरासुद्धा?"

"कचरासुद्धा. आणि तुझ्यापेक्षा वेळेवर पोचतो."

मग पूल येई. लोखंडाचा पोकळ गडगडाट सुरू झाला की उदागावांचा चेहरा साबणाच्या फेसाखाली उजळे. "नदी. नदीनंतर डावीकडे नाशपतीची बाग. एप्रिलमध्ये तिथे मी वेग कमी करत असे, म्हणजे करायला नको होता, पण करत असे. पांढरीशुभ्र. रुळापर्यंत फांद्या. दिसतेय ना?"

पहिल्यांदा त्यांनी असं विचारलं तेव्हा कानाएने पडद्याकडे पाहिलं. डावीकडे उंचच उंच इमारत होती, तिच्या पायथ्याशी करड्या रंगाची लांबलचक भिंत. हातातला वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. "दिसतेय," ती म्हणाली.

"फुलं?"

"भरगच्च."

तिथून सुरू झालं. दर खेपेला बाग थोडी वाढू लागली. कधी तिने फांद्यांखाली शिडी लावलेली म्हातारी उभी केली, कधी गाडीच्या वाऱ्याने पाकळ्या काचेवर येऊन चिकटल्या. तिलाही ते आवडायला लागलं होतं. रात्री दुकानाचे पडदे ओढताना ती मनातल्या मनात ठरवायची, पुढच्या गुरुवारी म्हातारीच्या डोक्यावर कुठली टोपी घालायची. तिच्या आयुष्यात इतकी पांढरी जागा दुसरी नव्हती.

नोव्हेंबरात एका गुरुवारी ती अशीच सांगत होती. नेझूने मासिक खाली ठेवलं आणि मान वळवून टीव्हीकडे पाहिलं.

"कसली बाग? चौदा मजली बिल्डिंग आहे ती! माझी मेहुणी नवव्या मजल्यावर राहते. आणि काय गं, व्हिडिओ थंडीतला, झाडं खराटा झालीत, नि तू फुलं कुठली पाहतेस?"

टीव्हीतली गाडी बोगद्यात शिरली. दुकानात फक्त तिचाच आवाज उरला. कानाएने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. दाढी झाल्यावर उदागावांनी नेहमीसारखं वाकून नमस्कार केला, काठी घेतली आणि गेले.

"मी काय खोटं बोललो?" नेझू म्हणाला.

"नाही. मी बोलले."

दोन आठवड्यांनी ते आले नाहीत. त्यानंतरच्या खेपेलाही नाहीत. सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, कानाए डबाभर शिजवलेला भोपळा आणि टॅब्लेट घेऊन त्यांच्या घरी गेली. चढण चढताना तिने माफीचं वाक्य चार वेळा घोकलं होतं. दार उघडताच सगळं विसरली आणि नुसती वाकून उभी राहिली.

"आत ये, गार वारा येतोय," उदागावा म्हणाले. ते खोकत होते. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. "सर्दीने धरलं होतं मला. तू काय समजलीस?"

"मी तुम्हाला फसवलं, उदागावासान."

"फसायला मी कुठे फसलो होतो?" ते कोतात्सूच्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीत पाय घालून बसले. "अगं, बागेच्या शेजारून जाताना आवाज निघून जातो, पानांत. परत येत नाही. भिंतीशेजारून जाताना तो उलट येऊन कानावर आदळतो. पहिल्याच दिवशी कळलं मला, की माझी बाग गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी बाग ऐकत होतो की." त्यांनी गोधडी गुडघ्यांवर ओढली. "तुझा राग नाही आला. माझाच आला. एकतीस वर्षं नियमाप्रमाणे सिग्नलकडे बोट दाखवून जे दिसतं तेच मोठ्याने बोललो. लाल तर लाल. आणि म्हातारपणी एका पोरीला खोटं बोलायला लावून मजा घेत बसलो. आता लाव. आणि जे आहे ते सांग."

कानाए पंचावन्नची होती. तिला पोरगी म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. तिने टॅब्लेट लावला. पूल संपला आणि ती सांगू लागली. करडी भिंत. भिंतीवर कुणीतरी रंगवलेला निळा मासा, अर्धा पुसलेला. इमारतीच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या गाद्या, तिसऱ्या मजल्यावर एक लाल. एका गॅलरीत उघड्या अंगाने सिगारेट ओढणारा माणूस.

"डिसेंबरात उघडा?"

"उघडा. पोट सुटलेलं आहे."

उदागावा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "वसंतात सहलीची गाडी सोडतील ना, तेव्हा मला घेऊन जाशील? चालवत गेलो जन्मभर. त्या रुळांवरून प्रवासी म्हणून कधी गेलो नाही."

शनिवार म्हणजे दुकानाचा सर्वांत गर्दीचा दिवस. एप्रिलमधल्या एका शनिवारी कानाएने दारावर चिठ्ठी चिकटवली. नेझूने स्वतः दोघांना टॅक्सीने स्टेशनवर सोडलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. "मेहुणीला सांगून ठेवलंय," तो म्हणाला, "गॅलरीत उभी राहील. हात करा तिला."

पूल संपत आला, तसा कानाएने आवाज जरासा चढवून सांगितलं, नवव्या मजल्यावर पिवळा एप्रन घातलेली बाई दोन्ही हात हलवतेय. उदागावांनी भिंतीच्या दिशेने टोपी काढली. डब्यातली लहान मुलं त्यांच्याकडे पाहून खिदळली.

मग अंधार. काचेत आता दोघांचे चेहरेच फक्त, मागे पळणाऱ्या दिव्यांवर तरंगणारे.

"डोळे मीट," ते म्हणाले. "इथे आपण दोघं सारखेच."

तिने मिटले. चाकांचा आवाज आधी बाहेर होता, मग खुर्चीत आला, मग छातीत. किती वेळ गेला कळेना. शेजारून ते हळू आवाजात सांगत होते: आता शाळा, आता देवळाची पायवाट, आता स्मशानाचा उतार. टेकडीवरचं आपलं सगळं गाव तळाकडून दिसावं तसं तिला दिसू लागलं. झाडांची मुळं, विहिरींची बुडं, घरांच्या तळव्यांवर पडलेला उजेड.

"आता तुझं दुकान," ते म्हणाले. तिने नकळत पाय उचलले, झोपलेल्या कुणाच्या अंगावरून जावं तसे.

बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा मालधक्का लागला. शेजारच्या रुळावर कंटेनरांची लांब गाडी सिग्नलसाठी उभी होती. उदागावांनी इंजिनाची धडधड ओळखली आणि हात वर केला.

"बघतोय का तो?"

कानाएने पाहिलं. तरुण चालक सिग्नलवर नजर लावून ताठ बसला होता. तिच्या तोंडाशी एक शब्द आला, आणि तिने तो गिळला.

"नाही, उदागावासान. तो समोर बघतोय."

"शाबास," म्हातारा म्हणाला आणि हात खाली घेतला. "समोरच बघायचं असतं."

त्यानंतर ते काचेला डोकं टेकून झोपी गेले. कामाकुरा यायला अजून तासभर होता. कानाएने पिशवीतून भाताचे गोळे काढले, एक त्यांच्यासाठी बाजूला ठेवला आणि दुसरा खात खात बाहेर पाहत राहिली.