धोंड्याचं हेल्मेट

"आमां दोरो तूटेलो छे," असं म्हणून दगाने सहावं हेल्मेट काउंटरवर परत ठेवलं.

"हेल्मेटमां दोरो क्यांथी आव्यो, काका?" शीतलबेनने विचारलं. उधना दरवाज्याजवळच्या त्या अरुंद दुकानात ती एकटी होती आणि हा म्हातारा दुपारी तीनपासून तिच्यासमोर खांबासारखा उभा होता.

दगाने हनुवटीखालचा पट्टा उलटा करून तिच्यापुढे धरला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. एक टाका निसटला होता. अख्ख्या सुरतेत तो कुणाला सापडला नसता.

शेरा: सेकंड.

दगा चेकर होता. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये एकतीस वर्षं. तिरप्या काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाईट, काचेवरून सरकणारा कापडाचा ताका आणि त्या कापडावर दगाचा उजवा अंगठा. तुटका दोरा, तेलाचा डाग, सरकलेली छपाई. दोष दिसला की खडूने फुली. कापडाच्या तीनच जाती असतात: फ्रेश, सेकंड आणि चिंधी. माणसांच्याही तेवढ्याच असतात, असं दगाचं मत होतं, आणि फ्रेश माणूस त्याला अजून भेटायचा होता.

लिंबायतहून इथवर येताना रिक्षात बसून त्याने आज रस्ताही तपासला होता.

हेल्मेट कोपरात अडकवून चाललेला: चिंधी. मेंदू कोपरात असतो असं त्याच्या घरात शिकवलं असावं.

फुटपाथवर मिळणारं हेल्मेटचं वाडगं डोक्यावर पालथं घालून सिग्नलच्या कॅमेऱ्याला फसवणारा: चिंधी. कॅमेरा फसतो, दुभाजक फसत नाही.

हेल्मेट बरोबर, पट्टा मोकळा: सेकंड. हा पडला की हेल्मेट एका गावाला आणि डोकं दुसऱ्या.

बापाच्या डोक्यावर फुल हेल्मेट, पुढे टाकीवर बसलेलं पोर बोडकं.

याला जात नव्हती. दगाने रिक्षातून मान बाहेर काढून पाहिलं आणि थुंकला.

आणि योगराज. त्याचा जावई. सचिन भागातल्या कारखान्यात लूम चालवणारा कारागीर. चेकरच्या लेखी कारागीर म्हणजे आधीच अर्धा गुन्हेगार. तो चुका विणतो आणि चेकर त्या उचलतो. त्यात योगराजचे केस. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केलेले आणि काहीतरी चोपडून चमकवलेले. हेल्मेटने ते बसतात म्हणून हेल्मेट गाडीच्या आरशाला टांगलेलं. महिन्यापूर्वी भेस्तानच्या वळणावर गाडी घसरली तेव्हाही ते तिथंच होतं. कपाळाला सात टाके पडले. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याला बघायला गेलेल्या दगाने सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं होतं, "हेल्मेट आरसाले टांगेल व्हतं, म्हनीसन आरसा वाचना."

योगराज पट्टीतल्या डोक्याने हसला होता. रागावलाही नाही. शेरा: सेकंड. खूप उदार मनाने दिलेला.

पण मागच्या आठवड्यात हर्षदाचा फोन आला. पोरगी फोनवर रडत नाही, हळू बोलते. ते जास्त वाईट.

"बाबा, टाका निंघनात आन् परत तेच. मनं ऐकतच नही. तुम्ही धोंडामा द्या ना."

"काय?"

"हेल्मेट. अधिक महिना चालू शे. धोंडानं वान परत करता येत नही."

दगाला आपल्या मुलीचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, वाण द्यायचं, आणि त्याने ते मुकाट्याने घ्यायचं. नाकारता येत नाही, बदलून मागता येत नाही, वापरलं नाही तर सासरच्यांचा अपमान. ज्याच्या डोक्यात अक्कल शिरत नाही त्याच्या डोक्यावर धर्माने हेल्मेट चढवायचं. दुसऱ्या दिवशी योगराज झोपलेला असताना हर्षदाने त्याच्या भुवयांच्या वरून दोरा फिरवून माप घेतलं, गाठ मारली आणि दोरा बापाकडे पोचवला. तो आता दगाच्या खिशात होता, चेकरच्या खडूशेजारी.

शीतलबेनने दोरा टेपला लावला. "अठ्ठावन. मीडियम. काका, गालाला थोडं टाइट लागलं पाहिजे. डोकं हलवलं तर हेल्मेट एकटं नाही हललं पाहिजे, गाल पण साथे हलले पाहिजे. पट्ट्याखाली बे आंगळी जाय, बस." दोन बोटं दाखवत ती मराठी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली भाषा बोलत होती. "आणि एक वार जोरथी पडलं ना, ते गेलं. अंदरनं थर्माकोल दबून जाते. दुसरी वार डोकं नाही वाचवत."

दिवसभरात कानावर पडलेलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं, म्हणून दगाने मान हलवली. मग त्याने सातवं पाहिलं. वजनाला जड; हे घालून योगराज मान मोडून घेईल आणि वर उकडतं म्हणून तक्रार करील. आठव्याला हवा जायला भोकं होती, पण काच धुरकट होती.

"काच एकदम क्लिअर छे, काका."

दगाने चष्मा पुसला. काच पुन्हा पाहिली. "तुमच्या दुकानातली ट्यूबलाईटच सेकंड आहे, बेन," तो म्हणाला.

नववं काळं होतं. समोरच्या खिळ्याला टांगलेलं, पूर्ण चेहऱ्याचं, हलकं, हवेशीर, गालाच्या गाद्या घट्ट. पट्ट्याची शिवण सरळ. दगाने ते स्वतःच्या डोक्यावर चढवून मान झटकली. गाल सोबत हलले. त्याने ते उतरवलं, उलटं केलं, अंगठा फिरवला. पट्ट्यावरून, कडेवरून, काचेच्या बिजागरीवरून. कपड्यासारखं, जिथे शिवण तिथे.

"हेच."

"आ तो डिस्प्लेनो पीस छे. रोज दस जण हात लावतात. बॉक्सवाला देते, सील पॅक, सेम टु सेम."

दगा हसला. एकतीस वर्षांत सीलबंद गठ्ठ्यातून काय काय निघतं ते त्याने पाहिलं होतं. वरचे चार पदर लग्नाचे आणि आतले सगळे तेराव्याचे. "बंद खोक्यातला माल फ्रेश कोणी ठरवला? मी तपासला का?"

"कंपनीए तपासला, काका."

"कंपनी," दगा म्हणाला, आणि त्या एका शब्दात तिची विल्हेवाट लावली. "जे माझ्या हाताखालून गेलं तेच मी नेतो."

शीतलबेनने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही. तिने नवव्याचीच पिशवी भरून दिली आणि वर म्हणाली, "काका, तमे हेल्मेट लेवा आव्या के छोकरो जोवा?"

"मुलगा बघताना एवढा वेळ दिला असता तर आज इथं आलो नसतो," दगा म्हणाला.

एक गोष्ट दगाने घरी सांगितलेली नव्हती.

दिवाळीनंतर तीन व्यापाऱ्यांचा माल परत आला होता. फुली नसलेल्या कापडात दोष. मिलच्या मास्तरने आवाज न चढवता सांगितलं, "दगाकाका, आता गेट सांभाळा." तेव्हापासून तो मिलच्या फाटकाशी बसून टेम्पोचे नंबर लिहीत होता, आणि तेही ड्रायव्हरला विचारून. फुकटच्या शिबिरात डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, मोतीबिंदूचा पडदा आलाय म्हणाला, ऑपरेशन करा म्हणाला. दगाने डॉक्टरला सेकंड ठरवलं आणि घरी आला. नंतर टेबलावर बसलेला नवा चेकर चिंधी होता, व्यापारी चिंधी होते, कापड तर हल्ली कुठेच राहिलं नव्हतं. रोज सकाळी तो खिशात खडू मात्र टाकत असे. त्याची बायको प्रमिलाबाई सदरा धुताना खिसा झटकत आणि म्हणत, "इतलं वरीस व्हयनं, मिलना खडू संपत कसा नही?"

रविवारी दुपारी योगराज आणि हर्षदा आले. गाडी गल्लीत लागली. हेल्मेट, अर्थातच, आरशाला.

प्रमिलाबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते, वर तुपाची धार. योगराज पाटावर बसला. कपाळावरच्या खुणेला चुकवून त्यांनी त्याला कुंकू लावलं. तेहतीस अनारशांचं ताट, त्यावर दिवा, आणि ताटाशेजारी ते काळं हेल्मेट.

"हाई वान," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि लगेच लेकीकडे हात करत नवऱ्याकडे वळल्या. "जवाईनं डोकं ते डोकं, आन् मनी आंडेरनं काय नारळ शे? ती मांगे बसस ना."

"धोंडा जवाईना ऱ्हास," दगा म्हणाला. "आंडेरना नही."

"कोनी सांगं?"

दगा योगराजकडे पाहत होता. आता हा केसांना हात लावील, मग तोंड वाकडं करील.

योगराजने तसं काही केलं नाही. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला टेकवलं, फिरवून पाहिलं. कारागिराला सवय असते. लूमवर आवाजात काही ऐकू येत नाही, तेव्हा कापड हातानेच समजून घ्यावं लागतं. त्याचा अंगठा मागच्या गोलाईवरून गेला, खाली उतरला.

थांबला.

क्षणभरच. पुन्हा वर गेला, पुन्हा तिथेच आला, थांबला. मग त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, केसांचा तुरा आत दाबून पट्टा लावला, मान झटकून दाखवली.

"बेस शे, मामा. बराबर बसनं."

हर्षदा हसली. तिला हवं होतं ते झालं होतं. प्रमिलाबाईंनी दुसरा धोंडा वाढला.

दगाने हातातला घास ताटात परत ठेवला. घरात कुणालाच काही दिसलं नव्हतं. पण अंगठा थांबणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने आयुष्यभर तेवढंच केलं होतं. चालता अंगठा उगाच थांबत नाही.

जेवणं झाली. हर्षदा आईबरोबर आत भांड्यांत गुंतली. दगाने हेल्मेट उचललं आणि दाराशी उन्हात नेलं. चष्मा पुसला. पाहिलं. काळं, गुळगुळीत, चकचकीत. काहीच नाही.

मग त्याने डोळे मिटले आणि मागच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. दुकानात तो शिवणी तपासत बसला होता. इथे शिवण नव्हती, म्हणून इथे तो आलाच नव्हता.

एक रेष. केसाएवढी. बोटभर लांब. खिळ्यावरून कधीतरी कुणाच्या हातून पडलेलं असणार.

मागे योगराज येऊन उभा होता.

"पाव्हना," दगा डोळे न उघडता म्हणाला, "तुमना अंगठा आठे थांबना व्हता."

"नही, मामा. उगाच."

"खरं सांगा."

"धोंडानं वान शे. नाव ठेवानं नही ऱ्हास."

"म्हनीसन हाई फुटेल डोकावर घालीसन तुम्ही सचिन लगून जातात?"

"घालतू," योगराज म्हणाला. "तुम्ही इतलं दखीसन आनं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. दगाने तो शोधला. तपासायची सवय होती. सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दगाने खिशातून खडू काढला. हेल्मेट गुडघ्यावर धरलं, अंगठ्याने रेष पुन्हा शोधली आणि तिच्यावर फुली मारली. मोठी, मिलमध्ये मारायचा तशी, दोन झटक्यांत.

"मामा, काय करी ऱ्हायनात? वानवर?"

"तुम्हले नाव ठेवता येत नही," दगा म्हणाला. "मी चेकर शे. मी ठेवस." आणि मग, खडू खिशात परत टाकत, "व्हतू."

योगराजला कळलं की नाही, कोण जाणे.

"गाडी आठेच ऱ्हाऊ द्या," दगा म्हणाला. "आज रिक्षामा जा. उद्या संध्याकाळले दुकानमा जाऊ. तुम्ही दखा. मी नुसता उभा ऱ्हासू." आत भांडी वाजत होती. त्याने तिकडे पाहिलं. "आन् दोन ल्या. बंद खोकामातला."

मुलगी आणि जावई रिक्षात बसून गेले. हर्षदाने वळून दोनदा विचारलं, गाडीला काय झालं. योगराज म्हणाला, हवा कमी आहे.

गल्लीत ऊन होतं. गाडी भिंतीला लागून उभी होती आणि तिच्या सीटवर योगराजने ते काळं हेल्मेट ठेवलं होतं, फुली दाराच्या बाजूला करून. दगा उंबऱ्यात उभा होता. तीन पावलांवर एक काळा गोळा दिसत होता. फुली दिसत नव्हती.

समोरचा हेमराज पाळी संपवून घरी चालला होता. "काय दगाभाऊ," तो थांबून म्हणाला, "धोंडामा काय दिनं?"

"सेकंड माल."

"कोन, जवाई?" हेमराज हसला.

"नही," दगा म्हणाला. "चेकर."

हेमराजला ते मस्करीतलं वाटलं. तो पुढे गेला. दगा गाडीपाशी आला, हेल्मेटवर अंगठा टेकवला आणि हळूहळू फिरवत गेला, जिथे खडूची भुकटी लागली तिथे थांबला.