मोजणीच्या दिवशीची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझी साखळी आता करकरते, मुठी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पण त्याचं मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. म्हणून तर गावाचं नावही सांगत नाही. नगर जिल्ह्यातलं, मोठ्या पेठेचं एक गाव, एवढंच समजा.

सुमंत नावाच्या कारकुनाने मला नगरच्या दुकानातून घरी आणलं. दसऱ्याला झेंडूची माळ, रविवारी तेल. माझे लाड काही कमी नव्हते. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल मिळेना, म्हणून जो तो सायकलीवर. पेठेतल्या रस्त्याच्या कडेला चुन्याने रंगवलेले दगड मांडून आम्हा सायकलींसाठी वेगळी पट्टी राखली होती. बाळंतपणं करणाऱ्या पुष्पावतीबाई अडलेल्या बाईकडे त्याच पट्टीवरून झपाझप जायच्या.

लढाई संपली आणि लॉऱ्या आल्या. पट्टी काढा, असा व्यापाऱ्यांनी धोशा लावला. रस्त्याच्या कमिटीचे प्रमुख आप्पासाहेब सरळ मनाचे. पट्टीवरून सायकलीवर किती जण जातात ते आपण डोळ्यांनीच बघू, म्हणाले आणि बाजाराच्या दिवशी पट्टीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. शेजारी वही घेऊन सुमंत, आणि कडुलिंबाला टेकून मी.

आमच्याकडे वडीलधारं माणूस दिसलं की सायकलीवरून उतरायची रीत. आप्पासाहेबांना पाहून जो तो उतरला आणि सायकल हातात धरून पुढे गेला. पुष्पावतीबाईसुद्धा उतरल्या. दिवसभरात सायकलीवर बसून गेले ते सातच जण, तेही परगावचे.

"सुमंता, समदी पायीच चाललीत की रं. पट्टी पायजे कुनाला?" आप्पासाहेब म्हणाले.

सुमंतला सगळं कळत होतं. सकाळी तोही उतरूनच आला होता. पण मोठ्या माणसाचं बोलणं खोडायचं कसं? तो "होय" म्हणाला आणि वहीत सात लिहून मोकळा झाला. मीही मुकाट उभी होते.

आठवड्यात दगड उचलले. महिन्याभरात एका लॉरीने पुष्पावतीबाईंना धक्का दिला. जीव वाचला, पण मनगट वाकडंच जुळलं आणि सायकल कायमची सुटली. आता त्या पायी जातात. कधी कधी पोचायला उशीर होतो.

सुमंतने मग आप्पासाहेबांना सगळं खरं सांगितलं. "तवाच का न्हाई बोललास?" एवढंच ते म्हणाले. दगड तोवर कुणाकुणाच्या ओट्यात गेले होते.

तेव्हापासून पुष्पावतीबाई दिसल्या की सुमंत माझ्यावरून उतरतो. एकदा त्या थांबल्या.

"उतरू नका हो," त्या म्हणाल्या. "मला मान नको होता, रस्ता हवा होता."



मित्रांनो, तुमच्या सायकलीला वेळच्या वेळी तेल द्या, पावसात बाहेर ठेवू नका. आणि कुणी तुम्हाला मोजायला बसलं, तर रोज जाता तसेच जा.