काळजी नसावी

ऐक ना योगेंद्र, आधी नुसतं ऐक. मध्ये 'पण' म्हणालास तर फोन ठेवते.

तर पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. मी जळगावला, एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलच्या बाकावर बसलेय. भिंतींच्या रंगाचा वाससुद्धा गेलेला नाही. मांडीवर ज्योतीची पर्स, हातात ज्योतीचा फोन. आणि ती आत, काचेच्या केबिनमध्ये, लखीचंदशेठसमोर. शेठजींचं धान्याचं मोठं काम, आता हॉस्पिटल काढलंय.

ज्योती तुला माहितीये ना? माझी रूममेट. धुळ्याला आम्ही दोघी भूल देण्यातच एमडी करतोय, ती शेवटच्या वर्षाला, मी तिच्या मागे. पारोळ्याची. वडील, कौतिकआबा, स्टँडजवळच्या दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, "मन्ही आंडेर भूल देस!" पोरगी भूल देते म्हणे. मग कोणीतरी म्हणतंच, "आबा, मन्ही बायकोले बी दी टाक म्हना थोडीशी."

बाहेरून काय वाटतं, स्पेशालिस्ट झाली म्हणजे पायघड्या. अरे, सरकारी जागा निघाली तर कंत्राटी. पुण्यात एकेका जागेमागे रांग. आणि आपल्याकडे ज्याचं हॉस्पिटल, त्याच्याच सुनेकडे ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. ज्योतीच्या बापाचं दुकान मोटारीचं, ती कोणाची सून होणार? म्हणून ही जागा. कायमची, घरापासून एका बसवर. परीक्षा झाली की लगेच रुजू.

तेवढ्यात शेठजींचा मुलगा जिनेश माझ्या शेजारी येऊन बसला. चांगला आहे बिचारा, चहाबिहा विचारला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही रूममेट ना? मॅडम मागच्या वर्षी बरेच दिवस सुट्टीवर होत्या म्हणे."

"हो."

"कावीळ का?"

बघ, त्यानेच ताटात वाढलं! आणि बसमध्ये ज्योतीनेही मला हेच पढवलेलं. "कोणी विचारलंच तर कावीळ सांग. काविळीवर कोणी शंका घेत नाही."

कावीळ नव्हती रे. मागच्या वर्षी एका सकाळी, ओटीच्या दारात, तिने औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात टाकली. म्हणाली, "ही तू ठेव, भूमिका. आज माझ्याजवळ नको." एवढंच. डबा विसरले म्हणावं तितक्या साध्या आवाजात. मला आधी कळलंच नाही, मग कळलं, तिला स्वतःचीच भीती वाटत होती. मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही, तसंच सायकियाट्रीच्या सरांकडे नेलं. मग औषधं, मग सुट्टी, मग पारोळा. बरी होऊन परत आली, कामाला लागली.

पण त्याच्या आधीचे दिवस मला अजून आठवतात. आबांचा रोज फोन. "बठ्ठं बरं शे ना?" ही एरवी खळखळून, "बठ्ठं बरं शे आबा, तू जेवना का?" आणि त्या दिवसांत एकदम, "हो आबा, सगळं व्यवस्थित आहे." मी चिडवायचे, काय गं, बातम्या देतेस का? नंतर तिनेच सांगितलं. "अहिराणीत बोलले की रडू फुटतं. पुस्तकी मराठीत फुटत नाही."

आणि या मुलाखतीला जळगावला जाताना, एरंडोलच्या स्टँडवर बस थांबलेली, आबांचा फोन. ही खिडकीबाहेर बघत काय म्हणाली माहितीये? "सगळं व्यवस्थित आहे, आबा. काळजी नसावी."

काळजी नसावी! सांग, बापाला कोण असं म्हणतं?

मी म्हटलं, "ज्योती, परत जायचं का? सलग ड्यूट्या झाल्यात तुझ्या. झोपलीयेस कधी तू?"

"वेडी आहेस का? ही गेली तर दुसरी कुठंय?"

तर मी बाकावर, जिनेश उत्तराची वाट बघतोय, आणि अर्ध्या उघड्या दारातून शेठजींचा आवाज. "बेटा, वरच खोली देतो. एसी, गिझर, सगळं. भूलवाले डॉक्टर तुम्ही एकट्याच आमच्याकडे. केव्हाही बोलावलं की जिना उतरायचा, समोर ओटी. घरी जायची गरजच नाही!" ते खरंच कौतुकाने सांगत होते. आणि ज्योती मान हलवतेय. चालेल. चालेल. शेठजींनी पेन उघडून तिच्यापुढे धरलं.

माझ्या डोक्यात एकच. इथे ती किल्ली कोणाच्या खिशात टाकणार?

आणि हातातला फोन थरथरला. आबा.

"काय व केयवाली!" मी फैजपूरची म्हणून ते मला केळीवाली म्हणतात. "ज्योती कठे शे?"

"आत आहे आबा. मुलाखत चाललीय."

मागे दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाले, "पोरी, आज ती मन्हासंगे पुस्तकनं बोलनी. मांगे बी अशीच बोलनी ती. खरं सांग, बठ्ठं बरं शे ना?"

मला वाटायचं, हे फक्त मला माहितीये. आबांनाही माहीत होतं, योगेंद्र. ते रोज कान देऊन ऐकत होते.

एका बाजूला जिनेश, कानात आबा, आत पेन. मी उठले आणि सरळ केबिनमध्ये. "सॉरी सर. ज्योती, आबांचा फोन."

तिने असं बघितलं माझ्याकडे! "नंतर बोलते."

"आत्ता बोल." आणि फोन तिच्या कानालाच लावला.

"हां आबा. सगळं..." तिथेच अडकली. आबा काय बोलले मला माहीत नाही, जास्त काही नसणार. मग एकदम अहिराणीतच, "आबा... माले घर येवानं शे." आणि शेठजींच्या टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली.

शेठजी ताडकन उभे. "अरेरे! कोण गेलं बेटा?"

ना ती बोलली, ना मी. आमच्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांचा अर्थ लावला. "जिनेश, पाणी आण." पेनाला टोपण लावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा, आधी घरी जा. कागद कुठे पळत नाही. सुतक उरकलं की या." जिनेशने स्वतःच्या गाडीने स्टँडवर सोडलं, माझा नंबरही घेतला. काविळीचं विसरूनच गेला.

बसमध्ये ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पारोळ्याला आबा उभे होते, हात काळे तसेच. पँटला पुसले आणि तिची पर्स घेतली. ती उतरली, खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "माझी नोकरी तुझ्यामुळे गेली, भूमिका." स्वच्छ पुस्तकी मराठीत. मग बस सुटली, आणि धुळ्यापर्यंत शेजारच्या सीटवर मी कोणाला बसू दिलं नाही. का, ते मला विचारू नको.

काल आबांचा फोन आला. "आज भांडनी मन्हासंगे! भाजीमा मीठ नही म्हने. अहिराणीमा भांडनी!" पोरगी बोर्डात आल्यासारखे सांगत होते. मी होस्टेलच्या जिन्यात बसून हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

आणि आज सकाळी जिनेशचा मेसेज. 'ताई, मॅडमचा फोन बंद आहे. सुतक संपलं का? बाबूजींनी जागा ठेवलीय. सोमवारपर्यंत कळवा.'

तिचा फोन आबांनी बंद करून गल्ल्यात ठेवलाय. म्हणजे हे फक्त मला माहितीये. तिला सांगितलं तर ती उद्याच जाईल, त्या वरच्या खोलीत, एकटी. नाही सांगितलं तर जागा जाईल, आणि तिला कळल्यावर मी कुठे तोंड दाखवू? आणि जिनेशला खरं कळवू? की बाबा रे, आमच्याकडे कोणीही मेलेलं नाही? एवढी चांगली बातमी आहे ती, आणि लिहिताना माझी बोटं अडतायत. सकाळपासून टाइप करतेय आणि पुसतेय.

आता म्हण 'पण'. सांग ना, तू काय केलं असतंस?