सशांसाठी आणलेला पिंजरा

सशांनी बंद टीव्हीची वायर कुरतडली, तेव्हा दादा थेट भलामोठा पिंजराच घेऊन आला. "आजपासून हे दोघे आत. हे घर आहे, गोठा नाही."

"घर आईचं आहे," धाकटी म्हणाली. "ससे दिवसभर कोंडून राहत नसतात. त्यांचे दात वाढतच राहतात, ते कुरतडणारच."

"मग मी मॅच कशी बघू? यांच्या तोंडाकडे बघत बसू?"

धाकटीने वायर बदलली, पिंजरा प्लगच्या भिंतीला टेकवला, छोटा टीव्ही उचलून आत ठेवला आणि कडी लावली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तूच म्हणालास ना, कोणीतरी आत गेलं पाहिजे," असं म्हणत तिने सशांपुढे गवत टाकलं. "आता बघ जाळीतून."