फुलांच्या मोराची तार

हर्षालीनं पॅकिंग शेडच्या फरशीवर खडूनं चौकोन काढला, त्यात ऐटीत 'कॉम्प्रेसर' लिहिलं आणि बाण ओढत पुढच्या चौकोनापाशी आली. तिथं खडू थबकला.

"आणि हा कसला?" गुलाबाच्या रिकाम्या क्रेटवर बसून पप्पा बशीतला चहा फुंकत होते.

"कंडेन्सर. गरम झालेला गॅस यात थंड होतो."

"कुठं असतो?"

"असतो... पुढं." तिनं तळहातानं चौकोनाची एक बाजू पुसून टाकली. "पण तो शेवटी बघू. आधी डॅशबोर्ड खोलायचा."

पप्पांनी मान डोलावली. माठ आणि पंखा जोडून केलेल्या तिच्या कूलरला शाळेच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हापासून घरात तिचा शब्द चालायला लागला होता. गाडीचा एसी घरीच दुरुस्त करायची टूमही तिचीच. गाडी जुनी होती, पण एसी असा, की भर मे महिन्यात गुलाबाच्या जुड्या नाशिकच्या मंडपवाल्यांपर्यंत टवटवीत पोचायच्या. थोरल्या बहिणीच्या, मनीषाताईच्या लग्नाला तीच गाडी नवरीला घेऊन येवल्याला निघाली आणि वाटेतच एसीनं मान टाकली. पैठणीतली नवरी घामानं निथळली. गाडी चालवत होता योगेशमामा. तेव्हापासून पप्पांचं एकच पालुपद.

"काचा खाली आणि एसी फुल! शालकसाहेबांचा थाट!"

ते ऐकलं की आई भाकरी तेवढी जोरात थापायची.

एसीची आकृती पुस्तकात पहिल्यांदा पाहिली, तेव्हाच हर्षालीनं पुस्तक मिटून टाकलं होतं. कंडेन्सर बरोबर समोरच्या जाळीमागं. आणि लग्नाच्या दिवशी त्या जाळीवर शेवंतीचा भलामोठा मोर तिनंच बांधला होता. गाडी सजवायचं काम पहिल्यांदाच तिच्याकडं आलेलं. दोरा सैल पडतोय म्हणून तिनं द्राक्षाच्या मांडवाची तार घेतली, टोक जाळीतून आत खुपसलं, ते कशाला तरी अडलं, तर स्क्रूड्रायव्हरनं रेटलं. सगळे वा वा म्हणाले. फोटोत ती मोरापाशी कमरेवर हात ठेवून उभी आहे. नंतर मोर ओरबाडून काढताना तार तुटली, तुकडा आतच राहिला. तिला तरी तेव्हा त्याचं काय!

बाहेर मोटारसायकल थांबली. मामा कांद्याची पिशवी घेऊन आत आला.

"काय इंजिनिअरबाई, ऑपरेशन कधी?"

"या शालकसाहेब. आज काचा लावून बसा," पप्पा म्हणाले.

"दाजी, काचा बंदच होत्या हो. कितींदा सांगू?" मामा हसला, पण नेहमीसारखं नाही. बॅटरी घेऊन तो शेडमध्येच लावलेल्या गाडीपुढं उकिडवा बसला.

"मामा, तिथं काही नाहीये!" हर्षालीचा आवाज उगाच चढला.

मामानं जाळीतून उजेड टाकला. आत तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली. मधोमध तारेचा तुकडा, आणि त्याला शेवंतीची एक वाळकी पाकळी. मामानं मान वळवून भाचीकडं पाहिलं. मग दोन बोटं आत घातली, तुकडा ओढला आणि खिशात टाकला.

"सापडलं, दाजी. गॅस इथून गेलाय. चालवताना खडा उडून लागला असणार. माझ्याच हातून."

"मी म्हणलो नव्हतो?" पप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का गं? तुझा भाऊ स्वतःच्या तोंडानं सांगतोय!"

आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मामाकडं तिला बघवलं नाही.

"चला, हर्षू, तुझा डॅशबोर्ड खोलायचा वाचला," मामा म्हणाला.

हर्षाली वाकली. पुसलेली बाजू तिनं पुन्हा काढली. खडू इतका दाबला गेला की मोडलाच.

"मामा, खिशातलं दे."

"काय गं?"

"तार. माझी आहे ती. मोराची."

मामानं रेंगाळत खिशात हात घातला. पप्पांनी तुकडा तळहातावर घेतला, फिरवून पाहिला, नखानं पाकळी सोडवली.

"मांडवाची तार," ते स्वतःशीच म्हणाले.

मग ते उठले. खांद्यावरच्या टॉवेलनं क्रेट पुसला आणि मामाकडं सरकवला.

"बस, योगेश. चहा गार होतोय."

हर्षालीकडं त्यांनी पाहिलं नाही. ती खडूचा तुकडा मुठीत धरून चौकोनाच्या बाहेर उभी राहिली.