सात फुटांखालची राख

सात फूट खाली गेल्यावर मातीचा रंग बदलला आणि अमृतनं पोकलेन बंद केला.

भोंगवलीच्या सर्जेरावांच्या रानात शेततळ्याचं काम चाललं होतं. आज काहीही करून उरकायचं, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. मशीनचा आवाज थांबला तसे ते बांधावरून ओरडतच आले.

"का रं? डिझेल संपलं?"

"राख लागलीया," अमृत केबिनमधून उतरत म्हणाला. "आन् खापरं. लई जुनी हायती. हितनं फुडं खणायचं न्हाई."

"खापरं काय डोक्यावर घिऊन नाचायची? चालू कर मशीन!"

सीटमागून अमृतनं टेप, खुरपं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली आणि खड्ड्यात उतरला. मशीननं कापलेली पूर्वेची भिंत त्यानं खुरप्यानं हलकेच तासली. थर उघडे पडले. टेप लटकवून मोबाईलवर फोटो काढले आणि वहीत लिहिलं : सात फूट दोन इंच. राख चार बोटं. काळी-तांबडी खापरं भिंतीतच. मधोमध भाजलेली गोल माती, चुलीसारखी.

अमृत वरवे बुद्रुकचा. बाविसाव्या वर्षी तो तालुक्याबाहेर, नीरेकाठच्या एका उत्खननावर सहा आठवडे माती वाहायला होता. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती. खापर उचलायच्या आधी ते कुठं होतं ते लिही, जागा हुकली की खापर नुसता कचरा. पुढं मशीनवर बसल्यावर वेल्ह्यापासून भोंगवलीपर्यंत त्यानं विहिरी खणल्या, पाये खणले, तळी खणली, आणि जिथं जिथं असं काही लागलं तिथलं लिहून ठेवलं. नऊ वर्षांत, ही धरून, चौदा जागा झाल्या होत्या. ही वही त्याच्याकडं कुणी मागितली नव्हती, की त्यानं कुणाला दाखवली नव्हती.

सर्जेरावांना मात्र एकच भीती. सरकारी माणसं आली की जमीन गेली. त्यांनी मशीनचे मालक कुमारशेठ यांना फोन लावला आणि मोबाईल अमृतच्या कानाला लावला.

"चावी सर्जेरावांकडं दे आन् चालता हो," कुमारशेठ म्हणाले. "उद्या सकाळी दुसरा गडी येतोय."

दुसरा गडी राख बघून थांबणार नव्हता. अमृतनं चावी खिशात टाकली, दोन खापरं रुमालात बांधली आणि वाटेला लागला. सर्जेरावांच्या शिव्या पार फाट्यापर्यंत त्याच्या मागं येत होत्या.

दुपारी तो पुण्यात पुरातत्त्व संशोधक अश्विनी मॅडमच्या खोलीत उभा होता. भोर-वेल्ह्याची रानं दोन वर्षं पायी हिंडून, इथं प्राचीन वस्तीच्या खुणा नाहीत, असा अहवाल याच बाईंनी लिहिला होता. त्यांनी टेबलावरची खापरं पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं.

"मशीननं काढलीत?"

"व्हय."

"म्हणजे जागेची वाट लावून आलात. तुम्हा हौशी लोकांचं हे नेहमीचंच. उकरायचं, पिशवीत भरायचं आणि शोध लागला म्हणून आम्हाला सांगत यायचं."

अमृतची कानशिलं तापली. "हौस कसली, मॅडम? म्या पोटासाठी खणतो. तुमी दोन वरसं हिंडला आन् लिवलं काय, तर हितं काय न्हाईच. तुमी रानं वरनं बघितली. म्या आतनं बघतो." आणि त्यानं वही टेबलावर आपटली.

बाईंनी ती बाजूला सारायला हात पुढं केला, पण उघडलेल्या पानावर नजर गेली. वेल्ह्याच्या अलीकडची ओढ्याकाठची विहीर. साडेआठ फूट. शेजारी थरांचं चित्र. त्यांनी पान उलटलं, मग पुढचं. आवाज तसाच करडा होता.

"वरची खापरं घसरून खाली आली नसतील कशावरून?"

"बकेटमधली म्या लिवतच न्हाई. भिंतीत रुतलेली तेवढीच लिवतो."

चौदाही जागा वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या आठला येते. तोवर कुणीही खणता कामा नये."

"चावी माझ्याकडं हाय."

सकाळी निम्मं गाव बांधावर जमलं होतं. ऑपरेटर चावी घेऊन पळाला, म्हणजे त्याला हंडा गावला, यावर कुणाला शंका उरली नव्हती. अमृत मॅडमबरोबर येताच सर्जेरावांनी त्याची गचांडी धरली.

"कुठं लपवलास, सांग!"

अमृतनं त्यांचा हात काढला. कुमारशेठचा नवा गडी तिथंच उभा होता, त्याच्या अंगावर त्यानं चावी फेकली. "हंडा पायजे तर हुडका. राखंत हात घाला."

कुणीतरी ढेकूळ मारलं. ते खांद्याला लागलं. तेवढ्यात बाईंनी तहसीलदारांचं पत्र पुढं केलं. दोन दिवस काम बंद. गर्दी कुरकुरत मागं सरली.

खड्ड्यात उतरल्यावर बाईंनी अमृतलाही लांब उभं राहायला सांगितलं आणि चुलीच्या खालून माती काढायला सुरुवात केली.

"खालनं नगा, मॅडम. वरनं या. राख सुटी हाय, भिंत बसंल."

"पंचवीस वर्षं खणतेय मी."

"हातानं खणताय. मशीननं कापलेली भिंत येगळी."

त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं वरच्या मातीत दोऱ्याएवढी भेग गेली. अमृतनं झेप घेऊन बाईंना दंडाला धरून मागं ओढलं आणि भिंत खाली आली. चूल, राखेची रेघ, सगळ्याचा एक ढीग झाला. बांधावर हशा पिकला.

बाईंच्या केसांत माती होती.

"काल तुम्ही फोटो काढलेत ना?"

"काल म्या वाट लावून आलो व्हतो न्हवं?" कालपासून ऐकलेलं सगळं अमृतच्या तोंडात आलं आणि ते त्यानं गिळलं नाही. "आता सांगा, कुणी लावली?"

"मी लावली. फोटो द्या."

"अहवालात माझं नाव पायजे. मजूर म्हणून न्हाई. हुडकणारा आन् मोजणारा म्हणून. चौदाच्या चौदा जागांना."

"असं सहसा करत नाहीत."

"मग भिंत उभी करा परत."

बाईंनी ढिगावर बसूनच आपल्या वहीत तसं लिहिलं, सही केली आणि पान फाडून दिलं. अमृतनं ते दोनदा वाचलं. मगच मोबाईल पुढं केला.

त्याच राखेचा थर उत्तरेच्या भिंतीत, त्याच खोलीवर, शाबूत सापडला. तिथल्या कोळशाचं वय तीन हजार वर्षांच्या आसपास निघालं. चुलीचा पुरावा म्हणून मात्र जगात अमृतचे सहा फोटो आणि वहीतल्या चार ओळी एवढंच उरलं. बाईंनी अहवालात स्वतःचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता असं स्वच्छ लिहिलं, वर अमृतचं नाव पुऱ्या पत्त्यासह घातलं. दोघांत गोडी म्हणावी तशी काही आली नाही. कामापुरता फोन, कामापुरतं बोलणं.

सर्जेरावांची जमीन काही गेली नाही. तळं दुसऱ्या कोपऱ्यात झालं. पेपरात बातमी आल्यावर त्यांनी एस.टी. थांब्यावर स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला आणि गावात मॅडमचा सत्कार ठेवला. अमृतला बोलावणं नव्हतं. कुमारशेठनं त्याला परत घेतलं नाही, भोंगवलीत त्याला कुणी उभं करत नव्हतं. तो वेल्ह्याकडं दुसऱ्याच्या मशीनवर होता.

सत्काराची हकीकत त्याला बायकोकडून, रत्नाकडून, कळली. तिची बहीण भोंगवलीत दिलेली. मॅडमनी शाल घेतली, घडी तशीच खुर्चीवर ठेवली आणि माइकवर म्हणाल्या, "हा मान वरव्याच्या माणसाचा आहे, तिकडं नेऊन द्या." मग उतरून सरळ गाडीत जाऊन बसल्या. शाल घेऊन वरव्याला काही कुणी आलं नाही.

"आलं आस्तं तर घरात घेतलं आस्तं का?" रत्नानं विचारलं.

"न्हाई," अमृत म्हणाला. आणि तसं म्हणताना त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.