बरणीतल्या मातीचा गुण

मी माती बोलतेय. दचकू नका. पायाखालची नव्हे, औषधाची माती. एका शिंप्याच्या घरात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर, काचेच्या बरणीत मला कोंबून ठेवलंय. बाहेरचं सगळं दिसतं, पण हलायला जागा नाही. बोलायचं म्हणजे मनातल्या मनात.

जन्म नदीकाठचा. वरची मुळं आणि खडे बाजूला सारून मावशीनं मला खोलातून काढलं, उन्हात वाळवलं, जुन्या मलमलीतून चाळलं. घरात मलमलीच्या चिंध्या ढीगभर. मावशीचा नवरा तोच शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणतात. मला वाटलं होतं, आपलं छानसं मडकं होईल, त्यात कुणीतरी पाणी भरेल. कसलं काय!

मला येतं ते एवढंच : गारवा देणं. पाण्यात कालवून घामोळ्यांवर लावा, उन्हानं तापलेल्या कपाळावर ठेवा, बरं वाटेल. मास्तरांच्या घामोळ्यांना मी लागले आणि ते दुपारभर घोरले. मावशीनं ते गल्लीभर सांगितलं. मग काय, गुडघे आले, खोकले आले, मुरगळलेली बोटं आली. कोपऱ्यावरचा घड्याळवाला टक्कल घेऊन आला. आठवडाभर मी त्याच्या डोक्यावर बसले, पण एक कोंब फुटेल तर शपथ! तरी मावशीनं "गुण आला ना?" विचारलं की तो टोपी सारखी करत म्हणायचा, "आला की!"

सगळेच तसं म्हणायचे. मावशी प्रेमानं लेप लावून द्यायची, वर चहा पाजायची. तिचं मन कोण मोडणार? बाहेर डॉक्टरचं औषध घ्यायचे आणि आत येऊन माझे गोडवे गायचे. मी बरणीत गुदमरायचे. न केलेल्या कामाचं कौतुक ऐकून घेण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

एके दिवशी मावशीच्याच पोटात दुखू लागलं. उजवीकडे, खाली. तिनं मला कालवलं, पोटावर थापलं, वरून फडकं घट्ट बांधलं.

"अगं, दवाखान्यात जाऊ या," मास्तर म्हणाले.

"अहो, शोभेल का? गल्लीला मी माती लावते आणि स्वतः डॉक्टरच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

त्या फडक्याखाली मी होते. माझ्याखाली तिचं पोट फळकुटासारखं कडक होत चाललं होतं. अंग तापत होतं आणि त्या तापानं मी भराभर वाळत होते. फडकं सोडून भेगा बघत मावशी म्हणाली, "बघा, कशी ओढतेय! सगळी उष्णता खेचून घेतेय."

मी काही खेचत नव्हते हो. मी भाजत होते. ओरडावंसं वाटत होतं, पण माती ओरडणार कशी? फार तर तडकणार. आणि माझ्या प्रत्येक भेगेचा अर्थ गुण येतोय असाच लावला जात होता. पुन्हा ओला लेप, पुन्हा फडकं. ही बाई माझ्या नावापायी जीव गमावणार, या भीतीनं मला काही सुचेना. ती माझ्या कीर्तीत अडकली होती आणि मी तिच्या पोटावर.

तेवढ्यात घड्याळवाला गुडघ्याला लावायला माती मागत आला. मावशीचा चेहरा बघून दारातच थबकला.

"तुम्ही तरी सांगा हिला," मास्तर रडवेले झाले होते.

तो जरा वेळ टोपी चाचपत राहिला. मग त्यानं ती काढलीच.

"मावशी, हे बघा."

"काय बघू?"

"टक्कल. होतं तसंच आहे. गुडघ्याचं दुखणंही गोळीनं थांबतं, मातीनं नाही. मी खोटं बोलत होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. सगळेच तसं करतात, मावशी. माझ्या बायकोचा खोकला बाटलीतल्या औषधानं गेला. तुम्ही दवाखान्यात गेलात तर कोण हसणार? आम्ही सगळे तिथंच तर जातो."

 मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटदुखीचं की मनाचं, मला कळलं नाही. मग म्हणाली, "मेल्या, आठवडाभर डोकं चोळून घेतलंस माझ्याकडून!" आणि मास्तरांकडे वळून हळूच, "गाडी बोलवा."

पोटावरची मी दवाखान्यात पुसली गेले. बरणीतली मी फळीवर वाट बघत राहिले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं मास्तरांनी घरी येऊन शेजाऱ्यांना सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मावशी बरी होऊन परतली. पण गल्ली ऐकेल तर ना! "मातीनंच तोवर निभावून नेलं," म्हणतात. मावशी "अगं, डॉक्टरनं वाचवलं" म्हणाली, की "किती साधी बाई, मोठेपणा म्हणून घेत नाही!" मी अजून बरणीतच, आणि माझं नाव पूर्वीपेक्षा मोठं.

काल एक आई तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आली. "मावशी, जरा माती द्या." मावशीनं पोराच्या कपाळाला हात लावला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल दवाखान्यात. मी येते बरोबर."

"पण तुमची माती..."

"मातीला काय कळतंय!"

मला सगळं कळत होतं, पण ते जाऊ द्या. मला इतका आनंद कुठल्याही कौतुकानं झाला नव्हता.

घामोळ्यांना मला खुशाल न्या. पण गुण आला नाही, तर तसं तोंडावर सांगा. माझ्या अब्रूची काळजी करू नका. मी जन्माचीच मातीमोल आहे.